केबिन क्रू आणि पायलट: अकॅडमीचे पैसे भरण्याआधी काय तपासायचं

प्रश्न नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. वय 18, उंची 156 सेंटिमीटर, वजन 57 किलो. तिला एअर होस्टेस, म्हणजे केबिन क्रू, व्हायचंय. बर्डीवरची एक अकॅडमी वर्षभराच्या डिप्लोम्याचे पावणेदोन लाख मागते आणि शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देते. मुलगा दोन वर्षांनी मोठा, बारावी सायन्स, पण गणित सोडून बायोलॉजी घेतलेला. चष्मा आहे. त्याला पायलट व्हायचंय. त्यासाठी उमरेड रोडचा प्लॉट विकायची घरच्यांची तयारी आहे. सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, प्लॉट आत्ता विकू नका आणि पावणेदोन लाखही भरू नका. दोन्ही पोरांचं होणार नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही ज्या क्रमाने निघालात तो उलटा आहे. मी एका एअरलाइनच्या केबिन क्रू ट्रेनिंगमध्ये होते, भरतीच्या पॅनलवर बसले, आणि नंतर निवड झालेल्यांच्या फायली तपासायचं काम केलं, क्रूच्याही आणि पायलटच्याही. उमेदवार अडतात ते बहुतेक वेळा उंची, नजर, नावातला घोळ किंवा बारावीचा एखादा विषय अशा गोष्टींवर, आणि यातलं सगळं पैसे भरण्याआधी घरबसल्या किंवा हजार-दोन हजारांत कळू शकतं. जे बदलता येत नाही ते आधी तपासा. जे शिकता येतं त्याला नंतरही वेळ मिळतो.

आधी मुलीचं बघू, कारण तिचं सोपं आहे.

केबिन क्रूसाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम फार काही मागत नाही. वय 18 पूर्ण, बारावी पास, मेडिकल फिट, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण. बारावी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे कॉमर्सची अडचण नाही. यातलं प्रशिक्षण हा शब्द अकॅडमीवाले मोठ्या अक्षरात छापतात. ते प्रशिक्षण एअरलाइन स्वतः देते, निवड झाल्यावर, आपल्या विमानांवर आणि आपल्या कार्यपद्धतीप्रमाणे. बाहेरच्या डिप्लोम्याने त्यातला एक दिवसही कमी होत नाही. पॅनलवर असताना आमच्यासमोरच्या फॉर्ममध्ये डिप्लोम्यासाठी वेगळे गुण नव्हतेच.

मग एअरलाइन काय बघते? इंडिगो आणि एअर इंडियाच्या जाहिरातींत फ्रेशर मुलींसाठी उंची किमान 155 सेंटिमीटर आणि वय 18 ते 27 अशी अट येत आली आहे. कंपनीगणिक आणि वर्षागणिक त्यात थोडा फरक पडतो, म्हणून त्या-त्या वेळची जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर वाचायची, कुणी पाठवलेल्या व्हॉट्सअॅप फोटोवर नाही. तुम्ही 156 लिहिलंय. कशाने मोजलं? दाराच्या चौकटीला पेन्सिलची खूण करून टेपने मोजलं असेल, तर तो आकडा विसरा. वॉक-इनला, म्हणजे कंपनीच्या थेट मुलाखतीला, अनवाणी, टाचा भिंतीला लावून उभं करतात आणि वरची पट्टी केसांवर दाबून बसवतात. उंच बांधलेला अंबाडा तिथे सोडायला लावतात. शिवाय माणसाची उंची दिवसभरात थोडी घटते. सकाळची 156 संध्याकाळी 155 होऊ शकते, आणि वॉक-इनच्या रांगेत तिचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. एखाद्या दवाखान्यात उंची मोजायच्या स्टँडवर तिला सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मोजून घ्या. 155 च्या वर राहिली तर पुढचं बोलू.

वजनाचं गणित तर तुम्हीच करू शकता. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. डीजीसीएने 2014 मध्ये क्रूच्या बीएमआयची मर्यादा घातली तेव्हा मुलींसाठी 18 ते 22 हे सामान्य धरलं होतं, मुलांसाठी 18 ते 25. एअरलाइन फ्रेशर घेताना साधारण तेच आकडे लावतात. 156 सेंटिमीटरला 57 किलो म्हणजे बीएमआय 23.4 येतो. 22 च्या आत यायला तिला साडेत्रेपन्न किलोच्या खाली जावं लागेल, म्हणजे साडेतीन किलो कमी. दोन-तीन महिन्यांचं काम आहे, आठवड्याचं नाही. वॉक-इनच्या आधी चार दिवस लिंबूपाण्यावर राहून आलेल्या पोरी मी पाहिल्यात. त्या मोजपट्टीवर पास होतात आणि ग्रुप डिस्कशनमध्ये त्यांचा आवाज फुटत नाही.

टॅटूबद्दल अकॅडमी सहसा बोलत नाही, म्हणून मी बोलते. युनिफॉर्ममध्ये दिसेल असा टॅटू चालत नाही. एका मुलीचं इंग्रजी छान, उंची व्यवस्थित, पण मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात 'आई' गोंदलेलं. फाउंडेशन लावून आली होती, पण पाणी प्यायला हात वर केला आणि बाही सरकली. ती तिथेच थांबली. लेझरने काढून पुन्हा ये म्हणालो, पण लेझरलाही महिने लागतात आणि कधी खूण राहते. तुमच्या लेकीने काही गोंदवलं नसेल तर आता गोंदवू नका, एवढंच.

चष्मा लावून केबिनमध्ये काम करू देणाऱ्या कंपन्या थोड्या, लेन्स मात्र बहुतेक ठिकाणी चालते. गल्फच्या एअरलाइनचं आता डोक्यातून काढून टाका. एमिरेट्स आणि कतार दोघांनाही वय 21 लागतं. एमिरेट्सला उंची 160 हवी, शिवाय टाचा उचलून हात 212 सेंटिमीटरपर्यंत पोचला पाहिजे. कतारलाही 212 चा तोच पोच लागतो. तो आकडा ओव्हरहेड लॉकरच्या उंचीवरून आलेला आहे, कारण तिथे आग विझवायचं नळकांडं आणि इतर साहित्य ठेवलेलं असतं आणि ते कुणाच्याही मदतीशिवाय काढता आलं पाहिजे.

या नोकरीत नेमकं काय बघतात ते कळण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा. दर 50 सीटमागे एक क्रू हा नियम आहे. 186 सीटच्या एअरबस 320 मध्ये म्हणून चार जण असतात. नव्या विमानाला मान्यता देताना, अर्धे दरवाजे बंद धरून, सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावं लागतं. चहा-कॉफी हा त्या चौघांच्या कामाचा दिसणारा भाग. पॅनल शोधत असते ती गोंधळात ज्याचा आवाज चढत नाही पण ऐकू जातो अशी व्यक्ती.

आणि नेमकं इथेच अकॅडमीतली तयारी अंगावर येते. 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की सलग आठ मुली एकच वाक्य म्हणायच्या, शब्दाला शब्द, त्याच ठिकाणी हसू, तोच हात छातीशी. तिसऱ्या मुलीनंतर आम्ही ऐकणं सोडून द्यायचो. नागपुरातल्याच एका वॉक-इनमध्ये एक मुलगी आली. बर्डीवरच्या साडीच्या दुकानात काउंटरवर दोन वर्षं काम केलेली, डिप्लोमा नाही, इंग्रजी कामचलाऊ. तिला विचारलं, प्रवासी बेल्ट लावायला तयार नाही, ओरडतोय, काय करशील? तिने लग्नसराईतलं उदाहरण दिलं. एक बाई शालू बदलून मागायला आली होती, फॉल-पिको झालेला, बिल नाही, बरोबर चार नातेवाईक. ती म्हणाली, मी आधी बाईंना खुर्ची दिली आणि नातेवाइकांशी न बोलता फक्त त्यांच्याशीच बोलले. पॅनलवरच्या तिघांनीही त्याच वेळी पेन उचललं. इंग्रजी ट्रेनिंगमध्ये सुधारता येतं. त्या मुलीकडे जे होतं ते कुठल्या डिप्लोम्यात शिकवत नाहीत.

याचा अर्थ तयारी करू नये असा नाही. इंग्रजी बोलण्याचा क्लास लावा, धरमपेठेत, सदरमध्ये, तुमच्या मानेवाड्यातही मिळेल, आणि तो काही हजारांत होतो. घरी रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा एखादा उतारा मोठ्याने वाचायला लावा, कारण मुलाखतीत अनाउन्समेंट वाचायला देतात. हिंदीही नीट हवी. आपल्या नागपुरी 'मेरे को', 'तेरे को' ला आम्ही गालात हसायचो, पण कागदावर उच्चार आणि भाषेचा गुण कमीच पडायचा. मेकअप आणि अंबाडा हे यूट्यूबवर आणि मावशीकडे शिकता येतं. अकॅडमीत जायचंच असेल तर एका मुद्द्यावर जा: मागच्या दोन वर्षांत कुणाकुणाची कुठल्या एअरलाइनमध्ये केबिन क्रू म्हणून निवड झाली, आणि त्यांतल्या दोघांशी बोलायला मिळेल का. 'प्लेसमेंट' मध्ये मॉलचं हेल्प डेस्क, हॉटेलचं फ्रंट ऑफिस आणि विमानतळावरचं ग्राउंड स्टाफचं कंत्राटी काम सगळं धरलेलं असतं. वाईट नोकऱ्या नाहीत त्या, पण त्यासाठी पावणेदोन लाख लागत नाहीत.

कोणतीही एअरलाइन रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्म डिपॉझिट, मेडिकलची आगाऊ रक्कम असं काही गुगल पेवर मागत नाही. मागितली की फोन ठेवायचा. निवड झाल्यावर काही कंपन्या प्रशिक्षणाचा बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडली तर रक्कम भरायचा करार, लिहून घेतात. तो वेगळा आणि वैध प्रकार आहे, फक्त सही करण्याआधी किती काळ आणि किती रक्कम ते वाचा.

निवडीनंतरचं ट्रेनिंग तीनेक महिने चालतं, बहुतेकांचं गुरुग्रामला. आग विझवणं, धुराने भरलेल्या केबिनमध्ये वाट काढणं, पाण्यात राफ्ट उघडणं, प्रथमोपचार, धोकादायक वस्तूंचे नियम, सुरक्षा तपासणी, हे सगळं लेखी आणि प्रात्यक्षिक. नापास झालेल्यांना परत पाठवतात, यात दयामाया नाही. पाण्याची भीती असेल तर आत्ताच अंबाझरीच्या किंवा घराजवळच्या एखाद्या स्विमिंग टँकवर जायला सुरुवात करू द्या. आणखी एक: नागपूर हे क्रूचं मोठं बेस नाही. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद असं कुठेतरी तिला खोली घेऊन राहावं लागेल, पहाटे तीनला कॅबमध्ये बसावं लागेल. आईला हे आज सांगा, ऑफर लेटर आल्यावर नाही.

आता कागदपत्रं. हा भाग दोन्ही पोरांना लागू आहे आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे.

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं: देशमुख पूजा रमेश. आधारवर असतं पूजा रमेश देशमुख. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये दिलेलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात, तिथे कुणी 'पूजा' लिहितं, कुणी 'पूजा रमेश', आणि सायबर कॅफेतला मुलगा घाईत मार्कशीटवरून टाइप करताना 'देशमुख पूजा' हे दिलेलं नाव आणि 'रमेश' हे आडनाव करून टाकतो. अशा फायली मी हातात घेतलेल्या आहेत. पॅन तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये. मग विमानतळात शिरायच्या पाससाठी पार्श्वभूमी पडताळणी सुरू होते आणि पोलिस ठाण्यातून शेरा येतो की नाव जुळत नाही. जॉइनिंग पुढे ढकललं जातं, बॅच निघून जाते. तर आज रात्री जेवण झाल्यावर दोघांची दहावी-बारावीची मार्कशीट, आधार, पॅन आणि असेल तर पासपोर्ट शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न अक्षर जुळवा, जन्मतारखेसकट. दहावीचं मार्कशीट मूळ धरा, बाकीचं त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मार्कशीटच चुकलं असेल तर बोर्डाच्या सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर विभागीय कार्यालयात शाळेमार्फत अर्ज करावा लागतो आणि ते काम रेंगाळतं, म्हणून आधी उरकायचं. नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद हवी. नुसतं स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही.

मुलाला यात एक जास्तीचं काम आहे. डीजीसीएच्या परीक्षांना बसायला कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो, आणि त्यासाठी दहावी-बारावीची मार्कशीट बोर्डाकडून पडताळून घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं.

त्याच्याकडे वळते. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी आजच्या घडीला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. त्याच्याकडे फिजिक्स आहे, गणित नाही. हा रस्ता बंद नाही: एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, फक्त गणित हा एकच विषय देता येतो आणि डीजीसीए तो धरते. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, त्यांच्या परीक्षा असतात. 'आधी फ्लाइंग सुरू करा, गणिताचं नंतर बघू' असं सांगणारा एजंट तुम्हाला भेटेलच. त्याला नमस्कार करून उठा.

मेडिकल मात्र गणिताच्याही आधी. पहिली पायरी क्लास 2, म्हणजे प्राथमिक पातळीची वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी आहे, त्यातल्या जवळच्याकडे वेळ घ्यायची. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानाची तपासणी, डोळे. मग क्लास 1, जी हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांत आणि मान्यताप्राप्त परीक्षकांकडे होते. लायसन्स क्लास 1 वरच मिळतं आणि तरुण पायलटला ती दर वर्षी नव्याने करावी लागते. चष्मा असण्याने कुणी बाद होत नाही. चष्मा लावून नजर ठरलेल्या पातळीपर्यंत यायला हवी, आणि मग उडताना एक जादा चष्मा जवळ बाळगावा लागतो. खरी अडचण रंगांची. ठिपक्यांच्या गोलातला आकडा ओळखायची ती चाचणी कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते. उद्या करून घ्या. विशीपर्यंत आपल्याला लाल-हिरव्यात गोंधळ होतो हे ठाऊकच नसलेली मुलं असतात, कारण घरात कधी कुणी विचारलेलंच नसतं. आणि मुलगा 'लेझर करून चष्मा घालवतो, मग जातो' म्हणत असेल तर थांबवा. ऑपरेशननंतर ठरावीक काळ थांबावं लागतं आणि आधीचा नंबर किती होता याचे कागद मागतात. एव्हिएशनच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नका.

आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी मी प्रत्येकाला सांगते: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या भागात त्याचं प्रमाण जास्त आहे. विमानाची केबिन आतून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखी असते, तिथे प्राणवायू कमी, आणि सिकलसेलच्या रुग्णाला तेच घातक. वाहक असणं आणि रुग्ण असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तो फरक तोंडी सांगून चालत नाही. सोल्युबिलिटी टेस्ट ही पहिली साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे सांगणारा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट काढून तो घेऊनच मेडिकलला जायचं. आपल्याकडे मेडिकल कॉलेजात ही तपासणी होते. मुलीचंही करून घ्या, आणि तिचं हिमोग्लोबिनही बघा, कारण वजन उतरवायच्या नादात पहिलं तेच उतरतं.

लायसन्सचे आकडे थोडक्यात. वय 18, एकूण 200 तास उड्डाण, त्यात 100 तास स्वतःच्या जबाबदारीवर, त्यांतले 20 तास लांब पल्ल्याचे आणि एक प्रवास किमान 300 सागरी मैलांचा. इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचे, 10 तास, रात्रीचे 5 तास. लेखी पेपर हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयांचे, पास व्हायला 70 टक्के. रेडिओचं लायसन्स वेगळं. ते पूर्वी दूरसंचार खातं द्यायचं, 2024 च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर तेही डीजीसीएकडे आलं. इंग्रजी बोलण्याची पातळी किमान 4 हवी. हे पेपर फ्लाइंगला प्रवेश घेण्याआधी देता येतात आणि माझं ठाम मत आहे की द्यावेत. दोन-तीन पेपर घरी बसून काढले की त्याचा जोर किती आहे ते त्यालाही कळेल आणि तुम्हालाही, आणि तोपर्यंत प्लॉट जागेवरच असेल.

फ्लाइंगसाठी विदर्भाबाहेर पळायची गरज उरलेली नाही. गोंदियाला बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. नागपूर फ्लाइंग क्लबने चंद्रपूरजवळच्या मोरव्याची धावपट्टी धरली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला प्रवासी विमान सुरू झालं, आणि तिथे एअर इंडियाने वर्षाला 180 पायलट घडवायची संस्था उभारायला घेतली, त्यासाठी 34 शिकाऊ विमानांची ऑर्डर दिली. तिन्ही ठिकाणं आपल्यापासून दीडेकशे किलोमीटरवर. शिवाय उत्तर प्रदेशात फुर्सतगंजची सरकारी अकॅडमी, जिथे लेखी परीक्षा आणि अॅप्टिट्यूड टेस्ट देऊन शिरावं लागतं आणि उंची किमान 158 लागते.

शाळा निवडताना ब्रोशरमधली विमानं मोजू नका. उडणारी मोजा. सकाळी सहाला जाऊन हँगरच्या बाहेर उभं राहा. किती विमानं खरोखर वर गेली, किती हँगरमध्ये पंख उघडून पडलीत, आणि प्रशिक्षक किती? मग वसतिगृहातल्या मुलांना चहा पाजून विचारा की मागच्या महिन्यात तुझे किती तास झाले. आपल्या उन्हाळ्यात दुपारी पंचेचाळीस अंशांत छोटं विमान नीट चढत नाही, म्हणून उड्डाणं सकाळीच होतात. पावसाळ्यात ढग बसले की आठवडे जातात. त्यामुळे '12 महिन्यांत 200 तास' हे वाक्य दोन वर्षांपर्यंत ताणलं गेलेलं मी अनेक फायलींत पाहिलंय, आणि त्या काळाचा वसतिगृहाचा खर्च कुणीच धरलेला नसतो. डीजीसीएने 2025 पासून फ्लाइंग शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती. ती यादी ऑनलाइन आहे, बघा.

पैशाचं स्पष्ट बोलते. लायसन्सपर्यंत 50 लाखांच्या पुढे जातं. त्यावर एअरबस 320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण, वेगळं. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये हे सगळं एकत्र असतं आणि आकडा कोटीच्या आसपास जातो, पण निवड आधी होते, म्हणजे मुलगा एअरलाइनच्या चाळणीतून गेल्यावरच तुमचे पैसे लागतात. मला विचाराल तर दोन्हींत हा मार्ग कमी जोखमीचा. फक्त तिथलं ऑफर लेटर 'सशर्त' असतं, त्यात रुजू व्हायची तारीख नसते, हे समजून सही करा. बँक साडेसात लाखांच्या वर तारण मागेल, म्हणजे विकण्याऐवजी प्लॉट गहाण ठेवायचाही पर्याय आहे, तो चार्टर्ड अकाउंटंटबरोबर बसून तोलून बघा. शाळेची फी एकरकमी देऊ नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते आणि मध्येच सोडलं तर किती परत, हे करारात लिहून घ्या.

'पायलटचा तुटवडा आहे' ही बातमी खरी आहे आणि अर्धवट आहे. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आणि अपुरे पायलट यांची चर्चा झाली. पण एअरलाइनना जास्त टंचाई भासते ती कॅप्टनची, आणि कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्सला 1500 तास हवेत. 200 तासवाल्या ताज्या मुलांची रांग मोठी आहे. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये, तेव्हा अनुभवी पायलट त्याच रांगेत येऊन उभे राहिले. लायसन्स हातात आल्यावर दीड-दोन वर्षं वाट बघावी लागली तर घर चालेल का, आणि कर्जाचा हप्ता कोण भरेल? मुलगा तेवढ्या काळात लायसन्स, मेडिकल आणि उड्डाणाचा सराव चालू कसा ठेवेल? ठरवण्याआधी हे प्रश्न त्याच्यासमोर बसून काढा. एअरलाइनची निवड म्हणजे लेखी तांत्रिक परीक्षा, सायकोमेट्रिक चाचणी, सिम्युलेटर आणि मुलाखत. त्यात मुलं जास्त गळतात ती सायकोमेट्रिकमध्ये, कारण तिथे एकाच वेळी सुई मध्यावर धरायची आणि तोंडी गणितं सोडवायची असतात. पाठांतर उपयोगी पडत नाही.

क्लास 1 मध्ये अडलाच, तर विमानाशी नातं तोडायची गरज नाही. नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एआयईएसएल या कंपनीचं विमान दुरुस्ती केंद्र आहे, आणि एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्सही डीजीसीएच देते. तो अभ्यास पायलटच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैशांत होतो. संस्थेला मान्यता आहे का आणि कोणत्या श्रेणीची, हे डीजीसीएच्या यादीत बघायचं. त्याला बारावीचं भौतिक, रसायन आणि गणित लागतं. म्हणजे गणित दोन्हीकडे लागणारच, तेव्हा एनआयओएसचा फॉर्म मेडिकलच्या निकालासाठी अडवून ठेवू नका, याच महिन्यात भरा.